बुटातलं गवत

मंगळवार, ता. ९

ससा माझ्याकडे पाठ करून बसलाय. काल संध्याकाळी आले तेव्हा होता तसाच. म्हटलं, अरे बाबा, मी पाहुणी नाही, घरातलीच आहे, खारूची आत्या! एक कान हलवला फक्त. दुसरा पडलेलाच असतो त्याचा.

नाव कर्नल. राखाडी, म्हातारा, भरघोस मिशा. मुक्काम दादाच्या कामाच्या टेबलाखाली. दादा पुढच्या खोलीत शिवणयंत्रं दुरुस्त करतो. वर दादा चाक फिरवून बघतोय खटाखट, खाली हा डोळे मिटून. तेलाच्या वासाचं दोघांनाही काही नाही.

मी दोनच दिवसांसाठी आलेय. पुढे समुद्र! अजून बघितलेला नाही. हे कुणाला सांगत नाही. एवढी भटकते आणि समुद्र बघितला नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील?

वहिनीने दारातच नाक धरलं. "ते बूट आधी गॅलरीत!" वाटेत भिजले होते, म्हणून आत सुकं गवत कोंबलेलं, नाड्यांनी पिशवीला टांगून आणले. गेले गॅलरीत. मी कशीबशी आत आले.

खारू म्हणजे दादाची मुलगी. वय नऊ, पुढचे दात मोठे, म्हणून खारू. जेवताना म्हणाली, "आत्या, किती दिवस?"

"दोन."

"मागच्या वेळी पण दोन म्हणालीस आणि एकच राहिलीस."

काय पण लक्षात ठेवते पोरगी!

बुधवार, ता. १०

कर्नलला दवाखान्यात नेलं. टोपलीत तो, टोपली खारूच्या मांडीवर, खारू बसमध्ये खिडकीशी. मी उभी, पायात दादाच्या सपाता; बूट अजून ओलेच.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण बोलायला एक घाव दोन तुकडे. त्याचं तोंड उघडून बघितलं. "दात वाढलेत. गालाला आतून टोचतात. काय खातो?"

गाजर, पाला, उकडलेलं काहीबाही. मऊ मऊ.

"गवत?"

तिथेच घोडं अडलंय. वहिनी काचसामानाच्या दुकानात कामाला. पूर्वी कपबश्यांच्या पेट्या सुक्या गवतात बांधून यायच्या, ते गवत वहिनी रोज घरी आणायची. आता पेट्या येतात प्लास्टिकच्या फुग्यांत. फुगे खारू फोडते. कर्नल काय चावणार?

बाई म्हणाल्या, "लांब काडीचं सुकं गवत हवं. ताजं, हिरवट, धूळ नसलेलं. ते चावायला लागला की दात आपले आपण झिजतात. बावीस तारखेला आणा. तोवर खायला लागला तर उत्तम. नाहीतर भूल देऊन दात घासावे लागतील. आणि या वयात भूल..." खारूकडे बघून पुढचं गिळलं.

खारू रडली नाही. जिना चढताना म्हणाली, "आत्या, तू सगळीकडे फिरतेस ना? तुला माहीत असेल चांगलं गवत कुठे मिळतं."

"म्हणजे काय! आणते की!"

बोलून बसले. समुद्र आठवडाभर थांबेल.

गुरुवार, ता. ११

पाळीव प्राण्यांच्या दुकानातलं गवत आणलं. पाकिटावर हसणारा ससा. आत झाडूच्या काड्या! पाकीट फोडल्या फोडल्या एवढी धूळ उडाली की कर्नल शिंकला. ससा शिंकतो! मला माहीतच नव्हतं. दुपारपर्यंत त्याने परत शिंकावं म्हणून वाट बघत बसले.

दुपारी शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात गेले. मोतद्दार फार गोड माणूस. मला घोड्याच्या शेपटीची वेणी घालायला शिकवली. तिपेडी सोपी, पाचपेडी जमेना. मग जमली! संध्याकाळी घरी आले.

वहिनी: "गवत?"

परत गेले.

मोतद्दाराने पेंढीभर दिलं. जाड, बोटाएवढ्या काड्या. कर्नल त्यावर बसला, विचार केला, आणि शू केली.

शुक्रवार, ता. १२

बागेत माळी गवत कापत होता. हिरवंगार, सगळीकडे वास! म्हटलं हेच वाळवू की. प्लास्टिकच्या दोन मोठ्या पिशव्या ठासून भरल्या, वास जाऊ नये म्हणून तोंडं गच्च बांधली, उन्हात ठेवल्या. उन्हात वाळतं ना?

संध्याकाळी दादा ओरडला, "यात इस्त्री ठेवली आहेस का?" हात लावला तर चटका! पिशवी उघडली तर आतून वाफ आणि असा काही वास की वहिनी शेजारच्यांकडे जाऊन बसली.

दादा म्हणाला, "तुझं सगळं असंच. एक ना धड भाराभर चिंध्या."

लागलं थोडं. पण चिंध्या नव्हत्या, गवत होतं.

शनिवार, ता. १३

काही नाही मिळालं. कर्नलने दादाच्या मोजपट्टीचं टोक चावलं. ते गिळलं नाही, थुंकलं.

रविवार, ता. १४

सकाळी खारूची किंकाळी, "आत्या! तुझ्या बुटातून ससा उगवलाय!"

धावले. गॅलरीत माझा उजवा बूट आडवा, आणि त्यातून कर्नलचा मागचा निम्मा भाग बाहेर. शेपूट थरथरतेय. आतून आवाज — करकर, करकर, करकर! जणू कुणी शिसपेन्सिली तासतंय. बूट रिकामा करून बाहेर आला, मिशीत काडी, आणि डाव्या बुटात शिरला.

आम्ही चौघं गॅलरीच्या दारात उभे. दादाच्या हातात बॉबिन तसंच.

वहिनी हळूच म्हणाली, "हे गवत कुठलं?"

आणि मला आठवेना!! कुठल्या तरी थांब्यावर बूट भिजले. कुणीतरी गवत दिलं. रोजनिशी चाळली. ता. ६: "मस्त दिवस!!" एवढंच. ता. ७: कोरं. लिहिणारीला दोन थोबाडीत द्याव्यात.

डोळे मिटून बसले. पाणी होतं. मोठा हिरवा उतार होता. आणि एक बाई — पायात एक गमबूट हिरवा, एक काळा. एवढं नक्की.

सोमवार, ता. १५

बस डेपोत जो ड्रायव्हर दिसेल त्याला विचारत सुटले, "एक हिरवा, एक काळा गमबूट घालणारी बाई माहीत आहे का?" पहिल्याने विचारलं, बरं वाटत नाही का तुम्हाला? दुसऱ्याने गाडी चालू केली. तिसरा खो खो हसला. "अहो, ती तलाववाली! शहराला पाणी जातं ना, त्या तलावाची राखण करते. बांधाच्या थांब्यावर उतरा."

उद्या पहिली बस. खारूने बूट ब्रशने घासून दिले. "शनिवारपर्यंत येशील ना?"

"येणार म्हणजे येणार."

"मागच्या वेळी पण..."

"खारू!"

मंगळवार, ता. १६

सापडली! गमबूट तेच. बांधाच्या उतारावर गुडघ्यांवर बसून एका भोकात चिखल ठोकत होती आणि भोकाला शिव्या देत होती. मला ओळखलं. "ती ओल्या बुटांची ना तू? काय विसरलीस?"

म्हटलं, "मावशी, ते गवत —"

"मावशी कशी? मला बहीणच नाही. बाई म्हण."

मग उठून भोक दाखवलं. "हे बघितलंस? सशाचं बीळ. एक बीळ म्हणजे बांधाला एक भोक. खाली अख्खं शहर आहे. म्हणून तर गवत कापून ठेवायचं, बिळं दिसायला पाहिजेत. यंत्र उतारावरून घसरतं, औषध मारायचं नाही, पिण्याचं पाणी आहे. सगळं हाताने. आणि हे ससे! ससा दिसला की माझं डोकं फिरतं! हं, तुला गवत कशाला हवंय?"

"घोड्याला," मी म्हटलं.

"केवढा घोडा?"

"लहान आहे."

"केवढा लहान?"

मी हात कमरेजवळ धरला. मग थोडा खाली. मग आणखी. "जिन्यात मावतो," म्हटलं.

बघत राहिली माझ्याकडे. म्हणाली, मागचं सगळं गवत गोठेवाले घेऊन गेले. आता आहे ते उतारावर उभं आहे. "चार दिवस ऊन पडेल. राहा, काप, वाळव, ने. आयतं नाही मिळणार."

पंपघराच्या बाहेरच्या खोलीत झोपतेय. भिंतीपलीकडे पंप गुरगुरतो. कर्नल घोरला तर असाच घोरेल.

बुधवार, ता. १७

हातांना फोड. लांब दांड्याचा विळा. वाटतं तेवढं सोपं नाही! जोर केला की गवत नुसतं वाकतं आणि परत उभं राहतं, जणू नमस्कार करतंय. बाई वरून ओरडते, "मारू नकोस त्याला! कंबर फिरव!"

दुपारी एकदाच जमलं. सपकन. ओळच्या ओळ आडवी पडली. त्या आवाजासाठी परत. आणि परत. बाई जेवायला बोलवत होती, मला ऐकूच आलं नाही. हे असं मला कधी होत नाही.

वास! ओल्या पाटीसारखा, मग हळूहळू गोडसर.

गुरुवार, ता. १८

फोड फुटलेत, पण लिहून ठेवते.

सकाळी चहा पिताना बाईने सहज विचारलं, "घोड्याचं नाव काय?"

"कर्नल."

"खूर कोण कापतं?"

"नखं ना? वहिनी."

बाईने कप खाली ठेवला. "नखं?"

ताकाला जाऊन भांडं किती लपवणार? सगळं सांगून टाकलं. दात, खारू, कपबश्यांच्या पेट्या, बावीस तारीख. बाई उठून उभी राहिली. "ससा! माझ्या बांधाचं गवत सशाला!"

मला वाटलं आता विळा घेऊन मागे लागते. पण दोन पावलं गेली आणि परत वळली. "राहतो कुठे?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"कान?"

"एक उभा, एक पडलेला."

"म्हणजे अर्धाच ससा झाला," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर काय उकरणार? तुझ्या दादाची फरशी? उकरू दे." आणि हसायला लागली ती थांबेचना. गमबूट आपटून हसते.

दुपारी खरी गंमत. गंमत कसली! तलावावर नळ टाकायला आलेली लॉरी निघाली होती. ड्रायव्हर म्हणाला, "आता थेट बंदर. पुढची सीट रिकामी आहे, येतेस? उद्या सकाळी समुद्रात पाय बुडव."

समुद्र!

पिशवी खांद्यावर कधी घेतली कळलंच नाही. एक पाय लॉरीच्या पायरीवर. गवत अर्धं वाळलेलं, सगळ्या उतारावर पसरलेलं. दुपारी उलटलं नाही तर वरून करपतं आणि खालून कुबट होतं, बाईनेच सांगितलेलं. बाई लांबून बघत होती. हाक मारली नाही. हाक मारली असती तर गेले असते बहुतेक.

आणि कानात काय? "मागच्या वेळी पण."

पाय खाली घेतला. ड्रायव्हर म्हणाला, "काय विसरलं?" म्हटलं, "गवत उलटायचं राहिलंय." त्याला काय कळणार? लॉरी धूळ उडवत गेली. मी उतारावर उभी राहून तोंडभर शिव्या घातल्या — सशाला. मग सगळं उलटलं. रांगेने, वरून खाली.

शुक्रवार, ता. १९

वाळलं!! मुठीत धरलं की कुजबुजतं, मोडत नाही. रंग अजून हिरवा.

शनिवार, ता. २०

बाईने तागाचं पोतं दिलं. "तोंड सैल ठेव. गवताला पण श्वास लागतो. तू म्हणे पिशवीत कोंबलं होतंस?" हे पण सांगितलं होतं वाटतं मी. बस सुटताना म्हणाली, "पुढच्या उतारालाही हात लागतील. एकटीच्याने होत नाही आता." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

बसभर गवताचा वास. एक आजोबा वास घेत घेत झोपले, त्यांचा थांबा गेला.

खारू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली. मला बघून उठली. पोत्याचं एक टोक धरलं आणि वर निघाली.

पुढच्या खोलीत सगळे जमले. दादाने यंत्र बंद केलं. मी कर्नलसमोर मूठभर गवत ठेवलं. असं गवत, की मीच खाल्लं असतं. त्याने हुंगलं. मिशा हलल्या. आणि पाठ केली!

दुसरी मूठ. पाठ. पितळीत घालून दिलं. पाठ. टेबलाला टांगलं. वर बघितलंसुद्धा नाही.

दादा म्हणाला, "एवढं करून घोडं पेंड खातंय कुठं?" आणि लगेच जीभ चावली, कारण खारूचा चेहरा पडला होता. वहिनीने तिला जवळ घेतलं. मी तशीच फरशीवर बसले. हात फुटलेले, समुद्र गेलेला, आणि पुढे सोमवार.

खारू नाक पुसत माझ्या पायांकडे बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "आत्या, बूट काढ."

"आता कशाला?"

"काढ ना!"

बूट ओढून काढला, अजून गरम होता. खारूने त्यात गवत कोंबलं, आडवा ठेवला. कर्नल वळला. हुंगलं. डोकं आत. पाठोपाठ निम्मा तो.

करकर, करकर, करकर!

दादाने यंत्राचं चाक हाताने गरागरा फिरवलं, वाजवायला दुसरं काही नव्हतं म्हणून. वहिनी हसता हसता रडली. मग तासभर वाद. वहिनी म्हणते घामाचं मीठ आवडतं त्याला. दादा म्हणतो बूट म्हणजे बीळ, आत अंधार, बाजूंनी भिंत. मी म्हटलं, माझ्यावर जीव आहे. कुणी लक्ष दिलं नाही.

रविवार, ता. २१

दिवसभर करकर. काय सुंदर आवाज आहे!

सोमवार, ता. २२

टोपलीत कर्नल, कर्नलसोबत बूट. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून बघितलं, बराच वेळ. खारूने माझी करंगळी एवढी आवळली की पांढरी पडली.

"चावतोय. कड झिजायला लागली आहे. भूल नको. हेच चालू ठेवा, महिन्याने दाखवा." मग बूट उचलून बघितला आणि लांब धरला. "हे औषध कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आले, तेही पायांनी.

संध्याकाळी पिशवी भरली. उद्या निघायचं, समुद्र! बूट घालायला गेले तर खारू आडवी. "कर्नल कशातून खाणार?"

खरंच की!

दादाने त्याचे जुने बूट पुढे केले. खारूने त्यात गवत भरलं, कर्नलला गॅलरीत नेलं, दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर आली. "नाही खाल्लं." वहिनीच्या चपलेचा खोका. दार लावलं. "नाही खाल्लं." टोपली. "हुंगलं पण नाही."

मग दादाचे बूट माझ्या पायात घालून बघितले. दोन होड्या! पहिल्या जिन्यावरच गडगडले असते.

"उद्या राहते," म्हटलं. "परवा बघू."

मंगळवार, ता. २३

पोतं निम्म्यावर आलं. म्हाताऱ्याची भूक बघा! तलाववालीच्या थांब्याची बस शनिवारीही असते, असं कंडक्टर म्हणाला. सहज विचारलं. दुसरं काही नाही.

बुधवार, ता. २४

सकाळी डोळे किलकिले केले तर टेबलाखाली खारू, कर्नलच्या समोर मांडी घालून. तिच्या तळहातावर गवत, आणि तो मजेत खात होता. मग फरशीवरचं खाल्लं. मग पितळीतलं. दादाच्या जुन्या बुटातलंही. माझे बूट भिंतीला टेकलेले, त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही.

अंथरुणात मी जरा हलले. खारू दचकली. भराभर सगळं गवत गोळा करून माझ्या बुटांत कोंबलं आणि हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी डोळे मिटले, आणि चांगली मोठ्यांदा घोरायला लागले.